आधी पाण्याची वाट, मग भिंत : मायामी खोऱ्यातल्या पूरबांधकामाची सुरुवात

1918 चा जानेवारी. अमेरिकेच्या ओहायो राज्यात त्या वर्षीचा हिवाळा विक्रमी कडक होता, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि कोळशाची टंचाई होती. पोलाद, रेल्वेचे डबे, मजूर, सगळं सैन्याकडे वळलेलं. अशा वेळी डेटन शहराच्या आसपास पाच ठिकाणी मातीची धरणं आणि नदीकाठच्या शहरांमध्ये पात्र रुंद करण्याचं काम एकदम सुरू झालं. ज्या पुरामुळे हे काम हाती घेतलं, त्याला तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

ही मायामी म्हणजे फ्लोरिडातलं शहर नव्हे. ग्रेट मायामी ही ओहायोतली नदी. स्टिलवॉटर आणि मॅड या उपनद्या तिला डेटन शहरातच मिळतात, वुल्फ क्रीक नावाचा ओढाही तिथेच येतो, आणि पुढे ती सिनसिनाटीच्या खाली ओहायो नदीत जाते. वाटेवर पिक्वा, ट्रॉय, डेटन, मायामिसबर्ग, मिडलटाउन, हॅमिल्टन अशी गावं-शहरं अगदी काठाला खेटून वसलेली. संगमावर गाव वसवायची आपल्याकडची रीत तिथेही होती, आणि तिची किंमतही तीच. 1805, 1847, 1866, 1898 असे पूर येत गेले. दर पुरानंतर लोकांनी काठाचे बांध थोडे उंच केले आणि बांधाच्या आत आणखी घरं बांधली.

पूरनियंत्रणाचं काम कोणत्या क्रमाने उभं करायचं, हे या प्रकरणातून फार नीट कळतं, म्हणून ते इथे तपशिलात मांडलं आहे. आपल्याकडे पूरनियंत्रणाची चर्चा बहुतेक वेळा भिंतीच्या उंचीपासून सुरू होते. इथे भिंत सगळ्यात शेवटी आली.

किती पाणी आलं होतं

23 मार्च 1913, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी सुरू झालेला पाऊस पाच दिवस चालला आणि खोऱ्यावर 9 ते 11 इंच, म्हणजे साधारण 230 ते 280 मिलिमीटर पडला. कोकणातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही. चिपळूण-महाडला एवढा पाऊस एका दिवसात पडून जातो. पण हा पाऊस सगळ्या खोऱ्यावर सारखा पडला, आणि हिवाळा संपताना जमीन आधीच पाण्याने भरलेली होती. पडलेल्यापैकी जवळजवळ 90 टक्के पाणी थेट नदीत आलं.

हिशेब आपल्या मापात करून पाहू. डेटनच्या वरचं पाणलोट क्षेत्र सुमारे 2,500 चौरस मैल. त्यावर 9 इंच पाऊस धरला तर 52 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात, आणि त्याचे 90 टक्के म्हणजे 47 टीएमसी. कोयनेची पूर्ण क्षमता 105 टीएमसी आहे. जवळजवळ अर्धी कोयना पाच दिवसांत एका शहराच्या मधून गेली. सर्वोच्च प्रवाह सुमारे अडीच लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट होता आणि पात्राची ऐपत एक लाखाच्या आतबाहेर. 25 मार्चला बांधांवरून पाणी गेलं, बांध फुटले आणि डेटनच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी 20 फूट पाणी चढलं. त्यातच आगी लागल्या. खोऱ्यात 360 हून अधिक माणसं गेली, नुकसान 10 कोटी डॉलरच्या वर गेलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्रांच्या काचाही त्यांच्या घरी याच पाण्यात बुडाल्या होत्या.

माती हलण्याआधीची पाच वर्षं

मे 1913 मध्ये डेटनच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. पुराच्या रात्री पोटमाळ्यावर बसून प्रत्येकाने काही ना काही वचन दिलं होतं, ‘पोटमाळ्यावर दिलेली वचनं आठवा’ अशी पाटी गावात लागली आणि काही दिवसांत 20 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. एवढ्या पैशात बांध सहज उंच करता आला असता, आणि लोकांना तेच हवं होतं. पण हे काम पाहणाऱ्या स्थानिक समितीने आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावलं. त्याने सांगितलं की आधी मोजू, मग ठरवू, आणि हे पैसे मोजणीत खर्च होतील.

मोजणी कशाची? 1913 च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर, झाडांवर, पुलांच्या खांबांवर ताज्या होत्या तोवर खोरंभर नोंदवून घेतल्या. अमेरिकेच्या पूर्व भागात जेव्हापासून पाऊस मोजला जात होता तेव्हापासूनची सगळी मोठी वादळं काढून त्यांचे नकाशे केले. अमेरिकेतल्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या, म्हणून युरोपातल्या नद्यांच्या शतकानुशतकांच्या पूरनोंदी धुंडाळल्या. प्रश्न एकच होता: 1913 पेक्षा मोठा पूर येऊ शकतो का, आणि आला तर किती मोठा? उत्तर निघालं की तो थोडा मोठा असू शकतो, दुप्पट नाही. मग आराखड्यासाठी 1913 च्या पाण्यात सुमारे 40 टक्के वाढ धरली. आजही अनेक ठिकाणी ‘मागच्या पुराच्या वर दोन फूट’ असा हिशेब चालतो. या अभ्यासाचं मोल त्यामुळे अजून कमी झालेलं नाही.

नुसतं पात्र रुंद करून भागेल का, हेही तपासलं. अडीच लाख क्युसेक आणि वर 40 टक्के डेटनमधून न्यायचं तर शहराचा मोठा भागच पात्रात घालावा लागला असता. म्हणून पाणी वरच अडवायचं ठरलं. स्टिलवॉटरवर एंगलवूड, ग्रेट मायामीवर टेलर्सव्हिल, मॅड नदीवर हफमन, लोरामी ओढ्यावर लॉकिंग्टन आणि डेटनच्या खाली ट्विन क्रीकवर जर्मनटाउन, अशी पाच धरणं. त्यांच्या मागे सांडव्याच्या (जादा पाणी वरून बाहेर पडण्याच्या वाटेच्या) पातळीपर्यंत 8,41,000 एकर-फूट, म्हणजे 36 टीएमसीहून अधिक पाणी मावतं. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या एकत्रित 29 टीएमसीपेक्षा हे जास्त आहे.

आणि ही पाचही धरणं कोरडी. तळाशी काँक्रीटच्या मोऱ्या, त्यांना दरवाजे नाहीत. एरवी नदी त्या मोऱ्यांतून नेहमीसारखी वाहते. पूर आला की मोरीतून जाईल तेवढंच पाणी जातं, उरलेलं मागे तुंबतं आणि पूर ओसरला की आपोआप निघून जातं. मोरीचं माप असं ठरवलं की वरच्या धरणांतून सुटणारं पाणी आणि मधल्या भागातलं पाणी मिळून डेटनमध्ये येणारा प्रवाह सुधारलेल्या पात्राच्या ऐपतीत, म्हणजे सव्वा लाख क्युसेकच्या आसपास राहावा.

दरवाजे का नाहीत? कारण दरवाजा ठेवला की तो कधी उघडायचा हे ठरवणारा माणूस आला. मध्यरात्री निरोप पोचत नाही, वीज जाते, दरवाजा अडकतो. शिवाय दरवाजा असला की पाणी साठवायचा मोह होतो: वीज करू, शेतीला देऊ, नौकाविहार करू. भरलेल्या जलाशयात पुराला जागा नसते. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर 2019 मध्ये आणि 2021 मध्ये धरणातून पाणी कधी सोडलं, किती सोडलं यावरून किती वाद झाले हे आठवलं की या निर्णयाचं वजन कळतं. वीज किंवा साठ्यासाठी या धरणांचा वापर करणं खालच्या शहरांना धोक्याचं आहे, असं त्या धरणांवर दगडात कोरून ठेवलेलं आहे. पुढच्या पिढ्यांच्या मोहावर त्यांनी आधीच बंदोबस्त करून ठेवला.

याला विरोध झालाच. पाणी अडणार वरच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत, वाचणार खालची शहरं. उत्तरेकडच्या तालुक्यांनी कडाडून लढा दिला. त्या काळी अनेक जिल्ह्यांत एकत्र काम करू शकेल आणि लाभधारकांकडून कर घेऊ शकेल अशी संस्थाच कायद्यात नव्हती. 17 फेब्रुवारी 1914 रोजी ओहायोचा कॉन्झर्व्हन्सी कायदा झाला, न्यायालयात टिकला, आणि 28 जून 1915 रोजी मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट ही अशी संस्था स्थापन झाली (पुढे तिलाच डिस्ट्रिक्ट म्हटलं आहे). लांबलचक सुनावण्यांनंतर नोव्हेंबर 1916 मध्ये आराखडा मंजूर झाला.

मग पैसा. राज्याचा किंवा केंद्राचा एक डॉलर घेतला नाही. सत्तर हजारांहून अधिक मालमत्तांचं मूल्यमापन केलं: या घरात 1913 मध्ये किती फूट पाणी होतं, ते पुढे येणार नाही म्हणून या मालमत्तेचा किती फायदा, त्या प्रमाणात हिस्सा. ज्याच्या दुकानात पुरुषभर पाणी होतं त्याने जास्त द्यायचं, ज्याच्या पायरीला लागलं त्याने कमी. त्या हिश्श्याच्या आधारावर रोखे काढले. एकूण खर्च तीन कोटी डॉलरच्या वर गेला आणि शेवटचा रोखा 1949 मध्ये फिटला. सुरुवातीच्या मोजणीत पाण्याच्या खुणा इतक्या बारकाईने टिपल्या होत्या, त्याचा उपयोग इथे झाला. ज्याच्या भिंतीवरची खूण नोंदलेली आहे, त्याला ‘माझ्याकडे पाणी आलंच नव्हतं’ म्हणता येत नाही.

पहिला हंगाम

काम ठेकेदारांना द्यायचं ठरलं होतं. पण युद्धामुळे उद्या मजुरी काय असेल, पोलाद मिळेल का, कुणालाच सांगता येईना. ठेकेदार ती सगळी जोखीम दरात घालणार हे उघड होतं. तेव्हा डिस्ट्रिक्टने काम स्वतःच करायचं ठरवलं. यंत्रं विकत घेतली आणि बांधकामाची धुरा चार्ल्स पॉल यांच्याकडे दिली. आयडाहोमधल्या ॲरोरॉक या उंच काँक्रीट धरणाचं काम त्यांनी नुकतंच पार पाडलं होतं.

धरणाच्या जागेवर पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या कामगारांच्या वसाहती. पाचही ठिकाणी कुटुंबांसाठी छोटी घरं, एकट्या माणसांसाठी राहण्याच्या चाळी, खानावळ, दुकान, नळाचं पाणी, वीज, मुलांसाठी शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग. वसाहतीचा कारभार रहिवाशांनी निवडलेल्या मंडळाकडे. त्या काळातल्या बांधकामाच्या छावण्या म्हणजे चिखल, दारू आणि दर पंधरवड्याला पळून जाणारे मजूर. युद्धाच्या टंचाईत माणूस टिकवायचा असेल तर त्याच्या बायकोमुलांना राहता आलं पाहिजे, हा यामागचा हिशेब होता. मॉर्गन पुढे 1948-49 मध्ये भारतात विद्यापीठ शिक्षणाबद्दलच्या राधाकृष्णन आयोगाचे सदस्य म्हणून आले आणि ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेचा त्यांनी आग्रह धरला. त्या आग्रहाची मुळं या वसाहतींमध्ये दिसतात.

दुसरी गोष्ट रस्ता आणि रेल्वे. काँक्रीटसाठी सिमेंट, यंत्रांसाठी कोळसा, पाइप, सगळं रेल्वेने यायचं. म्हणून मुख्य मार्गापासून धरणापर्यंत फाटे टाकले, विजेच्या तारा ओढल्या.

तिसरी गोष्ट मोऱ्या. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाचा कणा हा आहे.

मातीचं धरण पाण्याला घाबरतं. काँक्रीट किंवा दगडी धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते बहुधा टिकतं. मातीच्या धरणावरून हातभर पाणी काही तास गेलं तर ते उरत नाही. अर्धवट धरण तर सगळ्यात धोक्याचं: पाणी अडवण्याइतकं उंच आणि ते बाहेर काढण्याची वाट अपुरी. म्हणून भराव नदीत उतरण्याआधी मोरी पूर्ण हवी. ती कोरड्या जागेत, पात्राच्या बाजूला, घट्ट पायावर बांधायची आणि मग नदी तिच्यात वळवायची. त्यातही पेच असा की अंतिम मोरी मुद्दाम लहान असते, पूर अडवायला. पण बांधकामाच्या काळात पूर अडला तर अर्धवट भराव वाहून जाईल. म्हणून बांधकाम चालू असताना पाण्याला जादा वाट ठेवावी लागते आणि भराव पुरेसा उंच झाल्यावरच ती अंतिम मापापर्यंत आवळता येते.

पुण्याच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. पानशेतचं मातीचं धरण 1961 मध्ये अर्धवट असतानाच त्यात पावसाळ्याचं पाणी भरलं. विमोचकाचं, म्हणजे तळातून पाणी सोडण्याच्या वाटेचं काम पुरं झालेलं नव्हतं, दरवाजे अर्धवट स्थितीत होते. विमोचकाच्या भागात भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि 12 जुलैच्या सकाळी धरण फुटलं. दुपारी खालचं खडकवासला फुटलं.

मोरीच्या खालच्या टोकाचं कामही पहिल्याच टप्प्यात. धरण भरलेलं असताना मोरीतून पाणी सेकंदाला 40-50 फूट वेगाने बाहेर येतं. हे पाणी तसंच पात्रात सोडलं तर ते धरणाचा पायथा खणून काढेल. पाणी वेगाने उथळ वाहत असताना पुढे खोल संथ पाणी भेटलं की ते एकदम उसळतं, पांढरंशुभ्र घुसळतं आणि तिथेच बरीचशी ऊर्जा गमावतं. ही उसळी हवी तिथेच पडावी म्हणून मोरीपुढे पायऱ्या, पसरत जाणाऱ्या भिंती आणि आडवा उंबरा असलेला काँक्रीटचा हौद बांधला. त्याची मापं काढण्यासाठी डेटनजवळ मोरेन इथल्या एका पोहण्याच्या तलावात छोटी प्रतिकृती करून पाणी सोडून पाहिलं. हफमन, टेलर्सव्हिल आणि लॉकिंग्टन इथे मोरी आणि सांडवा एकाच काँक्रीट बांधकामात आहेत. एंगलवूड आणि जर्मनटाउनला मोरी धरणाच्या तळातून जाते आणि सांडवा वेगळा.

पाण्याने वाहून आणलेली माती

एंगलवूडचं धरण पाचांत सगळ्यात मोठं: लांबी 4,716 फूट, उंची 110 फूट, पायथ्याची रुंदी 785 फूट, भराव 35 लाख घनयार्ड, म्हणजे सुमारे 27 लाख घनमीटर. आजच्यासारखे डंपर आणि कंपन करणारे रोलर तेव्हा नव्हते. एवढी माती आणायची आणि दाबायची कशी? उत्तर होतं, पाण्याने.

खाणीतली खडी-वाळू-गाळ मिसळलेली माती पाण्यात कालवायची आणि 15 इंची पंपांनी पाइपातून धरणावर टाकायची. धरणाच्या दोन्ही कडांना लांबच्या लांब बुटके बांध घातलेले असतात. पाइपाचं तोंड या कडेच्या बांधालगत. पाणी तोंडातून पडलं की गोटे आणि खडी तिथेच बसते, वाळू थोडी पुढे जाते, आणि बारीक गाळ मधल्या तळ्यापर्यंत पोचून हळूहळू खाली बसतो. म्हणजे एकाच मातीतून बाहेरचं पाझरणारं, घट्ट कवच आणि आतला पाणी न सोडणारा गाभा आपोआप वेगळे होतात. तळ्यातलं निवळलेलं पाणी वाहून जातं, कडेचे बांध ड्रॅगलाइनने (दोराने बादली ओढणाऱ्या खोदयंत्राने) उंच करायचे, पाइप वर उचलायचा आणि पुढचा थर.

वाचायला सोपं वाटतं, पण चुकायच्या जागा पुष्कळ आहेत. पाइपातला वेग कमी झाला की खडी तळाशी बसते आणि पाइप तुंबतो. मग तो खोलून साफ करण्यात पाळी जाते. वेग जास्त ठेवला तर खडी पाइपाचं बूड खाते, म्हणून पाइप अधूनमधून थोडा फिरवून बसवायचा, जेणेकरून झीज सगळीकडे वाटली जाईल. पंपाचे पंखे आणि कवच तर सतत बदलावे लागतात. सुटे भाग जवळ नसतील तर धरण थांबतं. कडक थंडीत पाइप गोठतात आणि भराव बंद पडतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मधलं तळं. ते फार अरुंद झालं तर खडीची जीभ कडेकडून आत सरकून गाभ्याला आरपार छेदते आणि पुढे पाझराला वाट मिळते. फार रुंद झालं तर गाभा जाड, कवच पातळ. गाभा म्हणजे पहिले काही महिने घट्ट खिरीसारखा चिखल. तो चहूबाजूंनी रेटा देतो. कवच पातळ असेल तर ते बाहेर ढकललं जातं. हे नुसतं पुस्तकी भय नव्हतं. 24 मार्च 1918 रोजी, मायामीचं काम नुकतंच सुरू झालेलं असताना, कॅलिफोर्नियात याच पद्धतीने बांधत असलेल्या कॅलाव्हेरस धरणाची वरची बाजू बांधकाम चालू असतानाच घसरून गेली. मग मायामीत गाभ्याचा स्वतंत्र अभ्यास लावला: भरावात दाब मोजणारी उपकरणं पुरली, वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढून चिखल किती घट्ट झाला ते पाहत राहिले, तळ्याची रुंदी आखून दिली. अतिबारीक चिकणमाती वर्षानुवर्षं घट्ट होत नाही. ती तळ्यातून पाण्याबरोबर वाहून जाऊ द्यायची आणि गाभ्यात गाळ राहील असं पाहायचं, हा धडा त्या काळात या पद्धतीच्या जाणकारांनी घेतला.

पायाची गोष्टही वेगळीच. या खोऱ्याखाली हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-खडीचे प्रचंड थर आहेत; त्यांतून पाणी आरामात पाझरतं. बारमाही साठ्याचं धरण असतं तर हा पाया डोकेदुखी ठरला असता. पण इथे पाणी काही दिवसच थांबणार. वरची माती आणि मुळं खरवडून काढली, गाभ्याखाली चर खणून भरला, धरणाचे उतार पायथ्याकडे पसरट ठेवले. धरण कोरडं ठेवण्याचा निर्णय असा पायाच्या खर्चातही उपयोगी पडला.

घळभरणी

आपल्याकडे घळभरणी, म्हणजे धरणात नदीसाठी ठेवलेली मोकळी जागा बुजवण्याचं काम, उन्हाळ्यात उरकायची, कारण जूनला पाऊस येतो. तिथे उलट: मोठे पूर हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात येतात, जमीन गोठलेली किंवा भिजलेली असताना. म्हणून नदी मोरीत वळवून पात्रातली घळ भरायचा हंगाम म्हणजे उन्हाळा आणि शरद. घळ एकदा बंद केली की पुढच्या जानेवारीच्या आत भराव अशा उंचीवर न्यायलाच हवा की मधला पूर त्यावरून जाणार नाही. ती उंची गाठता येणार नसेल तर घळ त्या वर्षी उघडी ठेवायची, कितीही दबाव आला तरी. पाचांपैकी सगळ्यात लहान कामांत मोडणारं जर्मनटाउन 1920 मध्ये पुरं झालं. 1922 पर्यंत पाचही धरणं उभी होती.

शहरांतली पात्रं रुंद आणि खोल करण्याचं काम याच वेळी चालू होतं. हॅमिल्टनमध्ये 1913 ला साडेतीन लाख क्युसेक गेलं होतं, तिथे पात्राचं काम मोठं होतं. काठ खरवडू नये म्हणून तारेत ओवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चटया अंथरल्या. खालची माती थोडी सरकली तर चटई वाकते, तुटत नाही.

गाव हलवलं, जमीन परत दिली

हफमन धरणाच्या बुडीत भागात ऑस्बोर्न नावाचं सुमारे हजार वस्तीचं गाव होतं आणि रेल्वेमार्गही होते. रेल्वे उंचावर नवीन मार्गाने नेली. हे काम सुरुवातीपासून धरणाच्या बरोबरीने चालवलं, कारण रूळ हलल्याशिवाय भराव पुढे सरकत नाही. गावाचं मात्र वेगळं घडलं. घरं डिस्ट्रिक्टने विकत घेतली होती, पण लोकांना गाव मोडायचं नव्हतं. रहिवाशांनी संस्था काढली, घरं परत घेतली आणि 1921 पासून सुमारे 400 घरं अक्षरशः उचलून, लाकडी ओंडक्यांवर चढवून, दोन-तीन मैलांवर फेअरफील्ड गावाशेजारी नेली. 1950 मध्ये ही दोन गावं एक होऊन फेअरबोर्न झालं. त्याच बुडीत क्षेत्रात हफमन प्रेअरी आहे, जिथे राइट बंधूंनी 1904-05 मध्ये विमान वळवायला शिकून घेतलं. आजूबाजूची जमीन 1917 मध्ये डिस्ट्रिक्टनेच सैन्याला विमानतळासाठी भाड्याने दिली.

बुडीत क्षेत्र एकूण 35,650 एकर. ही जमीन कायमची पाण्याखाली जात नाही, म्हणून ती ओसाड ठेवायची गरज नव्हती. डिस्ट्रिक्टने बरीच जमीन विकत घेतली आणि पुराचा हक्क स्वतःकडे ठेवून शेतकऱ्यांना परत विकली: पीक घ्या, पण पाण्याच्या पातळीखाली घर बांधू नका आणि पाणी आलं तर भरपाई मागू नका. मालकाच्या दस्तातच ही अट लिहिलेली असल्याने जमीन कितीही वेळा विकली गेली तरी अट तिच्याबरोबर जाते. आपल्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर असतात आणि दर काही वर्षांनी त्यांच्यावर वाद होतो. इथे रेषा सातबाऱ्यावर असल्यासारखी आहे.

ही धरणं आजवर दोन हजारांहून अधिक वेळा पुराचं पाणी अडवून सोडून देत आली आहेत. सगळ्यात मोठा साठा जानेवारी 1959 मध्ये झाला, तेव्हाही सांडव्यापर्यंत पाणी गेलं नाही. एंगलवूड आणि टेलर्सव्हिलच्या माथ्यावरून महामार्ग जातो. पाणी उतरलं की कर्मचाऱ्यांचं पहिलं काम एकच: मोऱ्यांच्या तोंडाशी अडकलेले ओंडके, फांद्या आणि कचरा काढून वाट मोकळी करणं.